‘टाकलाय ना स्टेंट? मग आता बायपास कशाला?’

‘बाबांची अँजिओप्लास्टी झाली रे. दोन स्टेंट टाकले.’

‘दोनच ना? मग चिल! सोमवारी येतोयस ना?’

हा संवाद आता कुठल्याही ऑफिसात, कॉफी मशीनपाशी ऐकू येतो. स्टेंट हा शब्द आपल्या बोलण्यात इतका मुरलाय की, अक्कलदाढ काढली, चष्म्याचा नंबर वाढला, बाबांना स्टेंट टाकला… सगळं एकाच सुरात! मनगटातून नाहीतर जांघेतून एक नळी आत जाते, तास-दीड तासात काम होतं आणि दोन-तीन दिवसांत बाबा घरी येऊन पेपर उघडून चहा मागतात. आपण रजेचा मेल टाकतो, आठवड्याच्या आत परत लॉग-इन करतो. विषय संपला.

काही घरांत मात्र तो संपत नाही. पाच वर्षांनी, दहा वर्षांनी जिना चढताना पुन्हा धाप लागते, छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं, पुन्हा अँजिओग्राफी होते आणि या वेळी डॉक्टर म्हणतात, ‘आता बायपास करून घ्या.’ मग घरातल्या प्रत्येकाच्या तोंडून एकच प्रश्न निघतो, ‘अहो डॉक्टर, पण स्टेंट टाकलाय ना?’

आजचा कॉलम या एका प्रश्नासाठी. कारण त्या क्षणी डॉक्टरांसमोर बसलेले बहुतेक वेळा आपणच असतो. फॉर्मवर सही करणारेही आपणच.

आता पुणेकरांना बायपास म्हणजे काय हे सांगायला हृदयाचा डॉक्टर लागत नाही. कात्रज-देहूरोड बायपासवर रोज संध्याकाळ घालवणाऱ्यांना तर नाहीच! शहरातला रस्ता अपुरा पडला, म्हणून बाहेरून वळसा घालून दुसरा काढला, तो बायपास. हृदयाचंही तेच. स्टेंट ही जुन्या रस्त्यावरची दुरुस्ती. जिथे धमनी चिंचोळी झालीय तिथे फुगा फुगवून जागा करायची आणि ती पुन्हा मिटू नये म्हणून धातूची बारीक जाळी आत बसवायची. काम चोख, पण त्या जागेपुरतं. जाळीच्या दोन सेंटिमीटर पुढे उद्या नवा अडथळा तयार झाला, तर जाळी बिचारी काय करणार?

बायपासमध्ये सर्जन अडथळ्याला हात लावतच नाहीत. छातीच्या आतली, हातातली किंवा पायातली एखादी रक्तवाहिनी घेऊन ती अडथळ्याच्या पुढे, जिथे धमनी चांगली आहे तिथे जोडतात. मागच्या पट्ट्यात उद्या आणखी दोन ब्लॉक आले, तरी रक्त बाहेरच्या रस्त्याने पोचत राहतं. दोन्ही उपचारांतला खरा फरक हा आहे. एकात छाती उघडतात आणि दुसऱ्यात नाही, हा फरक आपल्या डोळ्यांना आधी दिसतो, एवढंच.

आणि मुळातला आजार? तो दोन्हींपैकी कशानेच जात नाही. डायबेटिस, बीपी, कोलेस्टेरॉल, सिगरेट ही मंडळी एका जागी बसून काम करत नाहीत, सगळ्या धमन्यांवर एकदम करतात. त्यामुळे स्टेंटनंतर पुन्हा त्रास होण्याच्या दोन वाटा असतात. एक, त्याच जाळीच्या आत पेशी वाढून ती पुन्हा चिंचोळी होते. दोन, दुसऱ्या जागी नवा ब्लॉक येतो. पहिली वाट बरीच अरुंद झालीय. झुरिचमध्ये १९७७ साली आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी पहिली अँजिओप्लास्टी केली ती नुसत्या फुग्याने. तेव्हा धमनी पुन्हा आवळली जाण्याचं प्रमाण मोठं होतं. १९८६मध्ये फ्रान्समधल्या तुलूजला जाक प्युएल यांनी माणसाच्या हृदयात पहिला स्टेंट बसवला आणि ते कमी झालं. २००३मध्ये अमेरिकेत औषधाचा लेप असलेल्या स्टेंटला मंजुरी मिळाली आणि ते आणखी घटलं. दुसरी वाट मात्र उघडीच आहे. ती गोळ्या, आहार, चालणं आणि सिगरेट सोडणं यांनीच अरुंद होते. कंटाळवाणं आहे, पण आहे ते असं आहे.

आमच्या घरात हा विषय गेल्या वर्षी आला. कोथरूडचे माझे काका, बँकेतून रिटायर झालेले, डायबेटिस जुना. २०१३मध्ये हार्ट अटॅक आला तेव्हा रातोरात एक स्टेंट. २०१८मध्ये पुढच्या मोठ्या धमनीत एकापुढे एक असे दोन. आणि गेल्या वर्षी बायपास सांगितली. काकूचा पारा चढलेला. ‘अगं, तीन-तीन स्प्रिंगा टाकल्यात ना आत? मग त्या काय झोपा काढतायत?’ काका मात्र हिशेबी माणूस. त्यांचा प्रश्न वेगळाच होता. ‘म्हणजे आधीचे पैसे वाया गेले म्हणायचे का?’

उत्तर होतं, नाही. २०१३च्या त्या रात्री स्टेंट टाकला नसता, तर हा प्रश्न विचारायला काका राहिले नसते. अटॅक चालू असताना बंद पडलेली धमनी शक्य तितक्या लवकर उघडणं हेच काम असतं आणि त्यासाठी अँजिओप्लास्टीइतकं चांगलं दुसरं काही नाही. तिथे ‘दोन दिवस विचार करून सांगतो’ म्हणायचं नसतं. २०१८ची गोष्ट वेगळी होती. तेव्हा अटॅक नव्हता, चालताना छातीत दुखत होतं. अँजिओग्राफी चालू असतानाच आतून निरोप आला, ‘ब्लॉक आहेत, स्टेंट टाकून देऊ का? सही करा.’ माझा चुलतभाऊ हिंजवडीहून धावत आलेला, गळ्यात अजून ऑफिसचं आयकार्ड. दहा मिनिटांत सही झाली. बायपास हा शब्दसुद्धा त्या दिवशी कुणी उच्चारला नाही.

त्या दहा मिनिटांची किंमत काय असते, हे सर्जनच्या टेबलावरून पाहिलं तर कळतं.

सर्जनना नवी वाहिनी जोडायला धमनीचा एक बरा, मऊ तुकडा लागतो. ती धमनी मुळात दीड-दोन मिलिमीटरची! जिथे स्टेंट आहे तिथे आतून धातू, त्यामुळे तिथे टाका घालता येत नाही. स्टेंट छोटा आणि सुरुवातीच्या भागात असेल, तर त्याच्या पुढे भरपूर जागा मिळते आणि विशेष काही बिघडत नाही. पण एकाला एक लागून स्टेंट टाकत गेलं, तर धातूचा पट्टा धमनीच्या टोकापर्यंत पोचतो. उरतं ते शेपूट. तिथे वाहिनी जोडली तरी रक्ताला पुढे जायला वाव कमी आणि म्हणून ती जोडणी टिकायची शक्यताही कमी. शिवाय मधल्या फांद्यांची तोंडं जाळीच्या मागे अडकलेली असू शकतात.

मग जुने स्टेंट काढून टाकतात का? काकूचा दुसरा प्रश्न. सहसा नाही. ते धमनीच्या भिंतीत रुजलेले असतात, त्यांना तिथेच राहू देऊन पुढे जोडणी करतात. अगदीच जागा नसेल, तर काही सर्जन धमनी लांबवर उघडून आतला चुन्यासारखा थर जाळीसकट सोलून काढतात. पण ते जोखमीचं काम, नाइलाज झाल्यावरचं. आणि जो स्टेंट व्यवस्थित चालू आहे, त्या धमनीला उगाच बायपास जोडत नाहीत. जुन्या रस्त्याने रक्त जोरात जात असलं की नव्या वाहिनीतला प्रवाह मंदावतो आणि ती बंद पडू शकते. काकांचा २०१३चा स्टेंट असाच सुस्थितीत निघाला. त्याला कुणी हात लावला नाही. ‘बघा, पैसे वसूल!’ हे काकांचं.

आणखी एक भानगड असते ती गोळ्यांची. स्टेंटनंतर रक्त गोठू नये म्हणून अ‍ॅस्पिरिनबरोबर दुसरी एक गोळी देतात. क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलॉर किंवा प्रासुग्रेल. याच गोळ्या चालू असताना छाती उघडली, तर रक्तस्राव आवरत नाही. म्हणून घाई नसेल तर क्लोपिडोग्रेल साधारण पाच दिवस, टिकाग्रेलॉर तीन आणि प्रासुग्रेल सात दिवस आधी थांबवतात. अ‍ॅस्पिरिन बहुधा चालूच. पण स्टेंट नवा असेल, तर गोळी थांबवल्यामुळे त्यातच गुठळी होऊन अटॅक येऊ शकतो. म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर! त्यामुळे ही गोळी कधी थांबवायची हे कार्डिओलॉजिस्ट आणि सर्जन मिळून ठरवतात. केमिस्ट नाही, शेजारचे काका नाहीत आणि मोबाइलवरचा फॅमिली ग्रुप तर अजिबात नाही.

आधी स्टेंट असलेल्यांची बायपास जास्त धोक्याची असते का? अभ्यासांचं यावर एकमत नाही. वारंवार अँजिओप्लास्टी झालेल्यांना सर्जरीत जास्त धोका आढळल्याचं काही अभ्यास सांगतात. वय, डायबेटिस, हृदयाची ताकद हे सगळं जमेला धरलं की फारसा फरक उरत नाही, असंही काही सांगतात. थोडक्यात, स्टेंट आहे म्हणून बायपासला घाबरून नकार देण्यात अर्थ नाही.

हे पटायला आपल्याकडे एक उदाहरण पुरेसं आहे. डॉ. मनमोहन सिंग यांची पहिली बायपास १९९०मध्ये ब्रिटनमध्ये झाली. पुढे काही वर्षांनी अँजिओप्लास्टी झाली. आणि २४ जानेवारी २००९ रोजी, पंतप्रधान असताना, वयाच्या ७६व्या वर्षी दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये त्यांची दुसरी बायपास झाली. मुंबईच्या एशियन हार्ट इन्स्टिट्यूटचे डॉ. रमाकांत पांडा यांनी सर्जनच्या टीमचं नेतृत्व केलं. एकदा उघडलेली छाती पुन्हा उघडायची, आत जुन्या जोडण्या चिकटून बसलेल्या आणि मधल्या काळातली अँजिओप्लास्टी वेगळीच. त्या वर्षी २६ जानेवारीच्या संचलनाला पंतप्रधान नव्हते. पण मे महिन्यात त्यांनी दुसऱ्यांदा शपथ घेतली, पाच वर्षं देश चालवला आणि २६ डिसेंबर २०२४ रोजी, ९२व्या वर्षी ते गेले. त्या ऑपरेशननंतर जवळपास सोळा वर्षं!

उलटा प्रवासही होतो बरं का. अमेरिकेचे माजी अध्यक्ष बिल क्लिंटन यांची २००४मध्ये चार जोडण्यांची बायपास झाली आणि त्यातली एक बंद पडल्यावर २०१०मध्ये त्यांना दोन स्टेंट टाकावे लागले. कारण बायपासही अमर नाही. पायातून घेतलेल्या शिरांपैकी निम्म्याच्या आसपास दहा वर्षांत बंद पडतात किंवा खराब होतात. छातीच्या आतली डावी धमनी मात्र भलती चिवट. हृदयाच्या पुढच्या मोठ्या धमनीला ती जोडली, तर दहा वर्षांनंतरही दहापैकी नऊंहून जास्त चालू असतात. म्हणून बायपास सुचवली की सर्जनना विचारावं, पुढच्या धमनीला छातीतली धमनी जोडणार ना?

मग स्टेंट की बायपास, पहिली निवड कशी करायची? एक-दोन जागी ब्लॉक असतील आणि त्रास गोळ्यांनी आवरत नसेल, तर स्टेंट उत्तम. तिन्ही धमन्या खराब असतील आणि त्यात डायबेटिस असेल, तर पारडं बायपासकडे झुकतं. ‘फ्रीडम’ नावाच्या चाचणीत १,९०० डायबेटिसच्या रुग्णांची तुलना केली होती. २०१२मध्ये तिचे निष्कर्ष आले. पाच वर्षांत मृत्यू, अटॅक किंवा पॅरालिसिसचा झटका यांपैकी काहीतरी झालं असे रुग्ण स्टेंटच्या गटात २६.६ टक्के होते, बायपासच्या गटात १८.७ टक्के. मात्र नुसता मेंदूचा झटका पाहिला, तर तो बायपासमध्ये जास्त होता, ५.२ टक्के विरुद्ध २.४. ‘सिंटॅक्स’ या दुसऱ्या चाचणीत १,८०० रुग्ण होते. त्यात पाच वर्षांत पुन्हा काहीतरी प्रोसिजर करावी लागण्याचं प्रमाण स्टेंटनंतर २५.९ टक्के होतं, बायपासनंतर १३.७. म्हणजे आज सोपं वाटणारं उद्या सोपं असेलच असं नाही आणि अवघड वाटणारंही बिनधोक नाही. म्हणूनच गुंतागुंतीच्या केसेसमध्ये कार्डिओलॉजिस्ट आणि सर्जन यांनी एकत्र बसून निर्णय घ्यावा, असं युरोप-अमेरिकेच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. त्याला ‘हार्ट टीम’ म्हणतात. आपण आग्रह धरला, तर आपल्याकडेही दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेता येतं.

आग्रह कसा धरायचा? साधा प्रश्न विचारून. ‘डॉक्टर, ही इमर्जन्सी आहे का?’ उत्तर ‘हो’ असेल तर ताबडतोब सही करा. ‘नाही’ असेल तर म्हणा, ‘आज फक्त अँजिओग्राफी करा. रिपोर्ट आणि सीडी घेऊन आम्ही एका सर्जनचंही मत घेतो.’ हे बोलायला उद्धट व्हावं लागत नाही. शक्यतो अँजिओग्राफीच्या आदल्या दिवशीच बोलून ठेवा, म्हणजे कॅथ लॅबच्या दारात धांदल होत नाही. स्टेंटचीच वेळ आली तर आणखी एक विचारा, ‘पुढे कधी बायपास लागली, तर जोडायला जागा राहील ना?’ माझ्या मते हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे आणि तो क्वचितच विचारला जातो.

काकांचं ऑपरेशन पाच तास चाललं. पुढच्या धमनीत दोन स्टेंटच्या पलीकडे सर्जनना जेमतेम जागा मिळाली. छातीतली धमनी तिथे जोडली, बाकी दोन ठिकाणी पायाची शीर. आठ दिवसांनी घरी आले. पहिले दोन महिने छातीचं हाड सांधेपर्यंत वजन उचलायचं नाही, गाडी चालवायची नाही, खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरायची. तीन रंगीत चेंडूंच्या त्या यंत्रात श्वास ओढताना काका लहान मुलासारखे हिरमुसायचे. दुसऱ्या आठवड्यात टीव्हीवर मॅच बघता बघता एकदम रडायलाच लागले. काकू घाबरली. बायपासनंतर काही आठवडे मन असं हळवं होणं नेहमीचं आहे, हे आधी माहीत असतं तर घाबरली नसती. म्हणून इथे सांगतेय. या काळात घरात एक माणूस लागतो. दोन दिवसांची रजा पुरत नाही, बॉसशी आधीच बोलून ठेवा. आता काका रोज थोरात उद्यानात चार चकरा मारतात आणि पाचव्याची धमकी देतात.

आणि हे सगळं फक्त बाबा-काकांचं आहे, असं समजू नका हं! ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात पहिल्या अटॅकचं मधलं वय आपल्या दक्षिण आशियात ५३ आढळलं, बाकीच्या देशांत जवळपास ५९. म्हणजे आपण सहा वर्षं आधीच रांगेत. कमी वयात पहिला स्टेंट पडला, तर त्याच्यापुढे आयुष्य जास्त आणि म्हणून पुन्हा काही करावं लागायची शक्यताही जास्त.

बायपास ठरल्यावर सर्जननी पहिल्याच भेटीत काकांचे जुने कागद मागितले होते. स्टेंट कुठे, किती लांबीचे, कधी टाकले, गोळी कुठली. चुलतभावाने दोन दिवस कपाटं उपसली. सीडी सापडली, तर घरातल्या एकाही लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नाही! २०१७मध्ये सरकारने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली, तेव्हापासून हॉस्पिटलच्या बिलात स्टेंटचं नाव आणि किंमत वेगळी दाखवावी लागते. शेवटी २०१८चं ते बिल आणि फाइलला चिकटवलेले दोन स्टिकर कामाला आले.

तर या वीकेण्डला एकच काम करा. घरात कुणाला स्टेंट असेल, तर ती फाइल काढा. डिस्चार्ज कार्ड, स्टेंटचे स्टिकर, बिल, चालू गोळ्यांची यादी, सगळ्याचे फोटो काढून फोनमध्ये ठेवा. सीडी असेल तर ती पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. अर्धा तास लागेल. बाबा विचारतील, ‘हे आज काय काढलंस मध्येच?’

सांगा, ‘काही नाही हो. तुम्ही गोळी घेतलीत का?’